ताई चौथ्यांदा परत गेली आणि चौकीत माझ्याच विरोधात बोलली. आता काय करू?

जुळे_सोलापूरकर

नमस्कार. पहिल्यांदाच लिहायलोय इथं, मोठं झालं तर सांभाळून घ्या.

माझी ताई ३३ ची, मी २८. तिच्या लग्नाला दहा वर्षं झाली, दोन पोरं, मोठी तिसरीत, धाकटा बालवाडीत. दाजींचा स्वतःचा छोटा हत्ती टेम्पो आहे, एमआयडीसीतनं चादरी-टॉवेलचे गठ्ठे ट्रान्सपोर्टला टाकतात. बाहेर कुणालाही विचारा, माणूस सोन्यासारखा. कुणाची मयत असली की पहिला हजर. आमच्या अण्णांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला दवाखान्यात रात्रभर तेच थांबले होते. आणि घरात हात टाकतात. टाकतो. आता अहो-जाहो नको मला.

पहिल्यांदा कळलं तेव्हा मोठी वर्षाची होती. ताई डोळ्याखाली काळंनिळं घेऊन आली, आठ दिवस राहिली, तो आला, आईच्या पाया पडला, ताई गेली. दुसऱ्यांदा समाजातली चार मोठी माणसं बसवून बैठक घेतली, त्यानं सगळ्यांसमोर कबूल केलं, पुढच्याच महिन्यात संक्रांत होती तर सगळ्यांना गड्ड्याच्या जत्रेला घेऊन गेला, होम मैदानावर पाळण्यात बसलेले फोटो ताईनं स्टेटसला ठेवले, आई म्हणाली बघ, सुधारला की. तिसऱ्यांदा उन्हाळ्यात दीड महिना होती आमच्याकडं, मी तिला एका साडीच्या दुकानात काउंटरला पण लावलं, शाळा सुरू व्हायच्या आदल्या रविवारी कामावरून आलो तर बॅग नाही, पोरं नाहीत. आई म्हणाली तो घ्यायला आलता, ती आपणहून गेली.

आता गेल्या महिन्यात मनगट मोडलं. शेजारणीनं मला फोन केला. मी दवाखान्यात नेलं, डॉक्टरनं विचारलं कसं लागलं, ताई म्हणाली बाथरूममधे घसरले. मी मधेच ओरडलो, खोटं बोलायलीय ही, नवऱ्यानं मारलंय. एमएलसी झाली, म्हणजे मारहाणीची केस म्हणून दवाखान्यात नोंद. तिथनं तिला तसंच चौकीत नेलं, प्लास्टर अजून ओलं होतं. तो आधीच येऊन बसलेला. आणि ताई साहेबांना सांगती की माझा भाऊ आमच्या संसारात ढवळाढवळ करतो, ह्यांनी त्याला बाइकच्या डाउनपेमेंटला पैसे दिले नाहीत त्याचा राग काढायलाय. साहेबांनी माझ्याकडं असं बघितलं की काय सांगू. तो खाली मान घालून गप्प. निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, चल, चहा घेऊन जा.

बाहेर आल्यावर मी ताईला म्हणालो, तू मेलीस मला.

तीन आठवडे झाले, बोललो नाही. मित्र म्हणतो हे स्टॉकहोम सिंड्रोम आहे, हिला डॉक्टर पाहिजे. आई म्हणती तिचा संसार आहे, तू पडू नको मधे. मला एवढंच विचारायचंय की संबंध तोडले तर तिला अक्कल येईल का? आणि तिच्या सहीशिवाय मी केस करू शकतो का?

बार्शीचा_बंड्या

भावा सोड. काही जणींना सवय लागलेली असती. तू कामधंदा बुडवून पळायचं आणि तिनं तुलाच चोर ठरवायचं, कुणी सांगितलंय? हात जोड आणि मोकळा हो.

विडी_घरकुल

बंड्या, तुझं चालू दे.

भाऊ, मी तुमच्यासाठी लिहायलेय. मी चार वेळा परत गेलेली बाई आहे. अकरा वर्षांत चार. आता सहा वर्षं झाली वेगळी राहते, दोन्ही पोरी माझ्याजवळ. त्यामुळं तुमच्या ताईच्या डोक्यात काय चाललंय हे मला थोडंफार माहीत असणार असं समजा.

आधी चौकीचं बोलू. तुम्ही चौकीतनं तुमच्या घरी जाणार. ती चौकीतनं त्याच्याबरोबर त्याच टेम्पोत बसून त्याच खोलीत जाणार. मग ती साहेबांना काय सांगेल? शेजारी तो बसलाय, त्याला ऐकू जाईल असंच सांगेल ना. बाइकच्या पैशाचं जे बोलली ते तिला तिथं बसून सुचलेलं नसणार, ते घरी कधीचं तयार झालेलं असणार, तो रोज जेवताना म्हणत असेल तुझ्या भावाचा माझ्या पैशावर डोळा आहे म्हणून, हिनं ते तसंच्या तसं म्हणून दाखवलं. मी पण म्हणलंय असलं. माझ्या सख्ख्या आईला मी चौकीत म्हणलंय की ही माझं घर मोडायला बसलीय. त्या रात्री मार पडला नाही. हिशोब बरोबर निघाला बघा.

पण सगळं भीतीनंच होतं असंही नाही, खोटं कशाला बोलू. मला तो आवडायचा. टायफॉइड झाला तेव्हा त्यानं माझी धुणी धुतली, लूमवरची रात्रपाळी करून आला की पोरींच्या वेण्या घालायचा, वाकड्या घालायचा पण घालायचा. लोक ह्याला नाटक म्हणतात. मला अजूनही तसं वाटत नाही. तो खरा होता आणि मारणारा पण तोच होता, आणि मी दर वेळी वेण्या घालणाऱ्याकडं परत जायचे. त्याला कुणी हलकट म्हणलं की मला राग यायचा, कारण मग असल्या माणसाजवळ राहणारी मी कोण? त्याची बाजू घेताना मी माझीच अब्रू झाकत होते.

आणि पैसे. मी विड्या वळायची, कार्डवाली कामगार, रोज हजार विड्यांना बसायची, पाठ मोडायची. मजुरी खात्यात जमा व्हायला लागली तरी एटीएम त्याच्या खिशात. रेशनकार्डावर पहिलं नाव त्याचं, पोरींचे शाळेचे दाखले त्याच्या ट्रंकेत, किल्ली त्याच्या करदोट्याला. माहेरी आईची एक खोली, त्यात भाऊ-वहिनी, त्यांची तीन लेकरं. दीड महिना झाला की वहिनी भांडी जरा जोरात ठेवायला लागायची. तिची पण चूक नाही. तुम्ही ताईला दुकानात लावलं ते चांगलंच केलं, पण शाळा सुरू झाल्यावर त्या दोन पोरांना कुठल्या शाळेत घालायचं, फी कोण भरणार, दुपारी सांभाळणार कोण, हे कुणी बोललं होतं का तिच्याशी? आदल्याच रविवारी गेली म्हणता ना. तारीख बघा.

आता मेन सांगते, त्यासाठीच लिहायला बसले. तिसऱ्या वेळी माझा भाऊ पण तुमच्यासारखंच म्हणाला होता. आता गेलीस तर दार बंद. मी गेले. चौथ्या वेळी त्यानं माझा गळा धरला, डोळ्यापुढं अंधार आला, रात्री दोन पोरींना घेऊन बाहेर पडले आणि भावाच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन परत फिरले. दार बंद आहे म्हणलाय ना. एसटी स्टँडवर बसले पहाटेपर्यंत, कुणी विचारलं तर अक्कलकोटला चाललोय म्हणायचं असं पोरींना शिकवलं. सकाळी कुठं जाणार? त्याच्याकडंच गेले. भावाला हे अजून माहीत नाही. तो समजतो त्याच्या बोलण्यानं मला वर्षभर अक्कल आली होती, शहाण्यासारखी नांदत होते.

पाचव्या वेळी सुटले ते वहिनीमुळं, त्याच भांडी आपटणाऱ्या. ती कधी त्याला शिव्या घालायची नाही की मला परत का जातेस विचारायची नाही. महिन्यातनं एकदा भाजीच्या निमित्तानं यायची, माझ्या एकेका कागदाची झेरॉक्स नेऊन तिच्या घरी पिठाच्या डब्यामागं ठेवायची. वर्ष लागलं तेवढ्याला. बोलून दाखवलं काहीच नाही तिनं.

जुळे_सोलापूरकर

वाचलं. दोनदा वाचलं. काय लिहू कळंना. तारखेचं खरंय, शाळेचा विषय मी काढलाच नव्हता, मला वाटलं आई बघेल.

बंड्या, सवय वगैरे नको रे बोलू. राग मला आहेच पण दुसऱ्यानं बोललेलं सहन होईना.

निवृत्त_समुपदेशक

वरच्या ताईंनी जे लिहिलंय त्यानंतर माझ्यासारखीनं पुस्तकी बोलावं असं नाही, पण स्टॉकहोमचं निघालंय म्हणून.

१९७३ मधे स्टॉकहोमच्या एका बँकेत दरोडेखोरानं चार कर्मचाऱ्यांना सहा दिवस ओलीस ठेवलं आणि सुटल्यावर ते त्याच्याच बाजूनं बोलले, त्यावरून हे नाव पडलं. डॉक्टर लोक रोगांची जी अधिकृत यादी वापरतात त्यात हा आजार म्हणून नाहीच. आणि त्या गोष्टीतला एक भाग कुणी सांगत नाही, ओलिसांपैकी एका बाईचं म्हणणं होतं की पोलिस ज्या पद्धतीनं वागत होते त्यानं आमचा जीव जास्त धोक्यात येत होता. म्हणजे सोडवायला आलेल्याची तिला भीती वाटत होती. भाऊ, दवाखान्यात तुम्ही मधेच ओरडलात, प्लास्टर ओलं असताना तिला न विचारता चौकीत नेलंत. हेतू चांगला होता. पण त्या दिवशी तिच्या वतीनं दोन पुरुष निर्णय घेत होते. लागेल बोलणं, पण लिहिते.

गड्ड्याच्या पाळण्याचं वाचून हसू आलं, वाईट अर्थानं. लेनोर वॉकर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७९ मधे ह्याचं चक्र मांडलं होतं, आधी घरात ताण साठत जातो, मग मारहाण, मग माफी आणि लाड. आमच्याकडं त्या लाडाचे प्रकार ठरलेले, साडी, पैंजण, तुळजापूरची ट्रिप, आणि पोरांची शपथ. सगळ्याच घरांत हे चक्र असतं असं नाही, कित्येक घरांत माफीबिफी काही नसतं, नुसताच मार. पण जिथं असतं तिथं बाईला सोडवणं जास्त अवघड, कारण आशा असते. रोज वाईट वागणारा माणूस सोडता येतो हो, कधी चांगला वागेल ते सांगता येत नाही असा सुटत नाही.

मी २२ वर्षं हे काम केलं. तक्रारी मागे घेतल्या जायच्या त्या दिवाळीच्या आधी, जूनमधे, आणि नणंदेचं लग्न ठरलं की. एकदा एक बाई सातव्यांदा आली आणि मी तिच्यावर खेकसले, की तुला वेळ घालवायला दुसरी जागा नाही का. ती परत कधीच आली नाही. तिचं पुढं काय झालं मला माहीत नाही. अजून आठवतं.

आणि एकट्या तुमच्या ताईचं नाही हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात असा मार खाल्लेल्या बायकांपैकी फक्त १४ टक्के बायकांनी कुणाकडं तरी मदत मागितली होती. त्यात माहेर पण आलं बरं का, नुसते पोलिस नाहीत. त्याच सर्वेक्षणात ४५ टक्के बायकांना काही ना काही कारणासाठी नवऱ्यानं मारणं योग्य वाटत होतं, पुरुषांपेक्षा एक टक्का जास्तच. तुमच्या आई त्यातल्या असतील तर नवल नको, त्यांच्यावर चिडू नका, त्यांच्याकडून एकच काम काढून घ्या, ताईला "नांद" म्हणायचं बंद करायचं.

एक मात्र विचारा, शेजारणीकडून कळलं तरी चालेल. त्यानं कधी गळा दाबलाय का? दाबला असेल तर प्रकरण वेगळं. मनगट मोडण्यापेक्षा ते जास्त धोक्याचं, वळ उठत नाहीत म्हणून लोक सोडून देतात. आणि निघायची वेळ सगळ्यात वाईट असते. "मी चालले" हे त्याच्यासमोर म्हणायला लावू नका तिला कुणी.

सत्यमेव_७७

सगळं एकतर्फी चाललंय. ४९८ च्या, म्हणजे नवऱ्याकडच्या छळाच्या कलमाच्या, खोट्या केसेसनी किती पोरं बरबाद झाली त्यावर कोण बोलणार? त्या माणसाची बाजू ऐकली का कुणी?

काळा_कोट

सत्यमेव, त्या माणसाची बाजू ऐकली ना, चौकीत ताईनंच सांगितली की. वेगळा धागा काढा, तिथं भांडू.

भाऊ, तुमचा दुसरा प्रश्न. मी जिल्हा कोर्टात प्रॅक्टिस करते, मोघम सांगते, कागद बघितल्याशिवाय पक्कं काही धरू नका.

कौटुंबिक हिंसाचाराचा जो २००५ चा कायदा आहे त्याच्या कलम ४ प्रमाणे हिंसा होतेय असं वाटणारा कुणीही माणूस संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे ह्याच कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याला, कळवू शकतो. भाऊ, शेजारीण, कुणीही. चांगल्या हेतूनं कळवलं तर तुमच्यावर उलटं काही येत नाही. पण कळवणं वेगळं आणि चालवणं वेगळं. ती कोर्टात उभी राहून बाथरूम म्हणाली तर तुमची माहिती तिथंच संपते, वर तो घरात दुप्पट सावध होतो. म्हणून करता येतं का विचाराल तर हो, आत्ता करा का विचाराल तर माझं मत नाही. अपवाद वरच्या मॅडम म्हणाल्या तो, गळा-बिळा, चाकू, रॉकेल असलं काही असेल तर थांबू नका, ११२ ला फोन.

लोकांना वाटतं ह्या कायद्यात आधी एफआयआर लागतो. नाही लागत. ती सरळ संरक्षण अधिकाऱ्याकडं जाऊ शकते किंवा मॅजिस्ट्रेटकडं अर्ज. मारू नये, त्रास देऊ नये असा संरक्षण आदेश मिळतो, खर्चाला पैसे, पोरांचा तात्पुरता ताबा, आणि मुख्य म्हणजे त्याच घरात राहायचा हक्क. घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी ती तिथं संसार करत असेल तर हक्क मागता येतो, सुप्रीम कोर्टानं २०२० मधे सांगितलंय. आपल्या बायकांना हे माहीतच नसतं, त्यांच्यापुढं दोनच रस्ते ठेवतात, एक तर मार खाऊन राहा नाही तर माहेरी ये. कायद्यात साठ दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न करावा असं लिहिलंय, आता मी इथं काय बोलू, तुम्ही कधी कोर्टात आला असाल तर पार्किंगवरूनच कळलं असेल. पण तातडीचा अंतरिम आदेश मागता येतो. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो, बाईला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

४९८अ म्हणजे आता १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय न्याय संहितेचं कलम ८५. लगेच उचलून आत टाकतील ही आशा तुम्ही ठेवू नका आणि तिलाही दाखवू नका, सुप्रीम कोर्टाच्या २०१४ च्या अर्नेश कुमार निकालानंतर अटक आपोआप होत नाही. तो संध्याकाळी घरी असणार हे गृहीत धरूनच काय ते ठरवायचं. आणि एकदा एफआयआर झाला की "मागे घेते" म्हणून चौकीत संपत नाही, रद्द करायला हायकोर्टात जावं लागतं, सोलापूरवाल्यांना आता कोल्हापूर बेंचला. हे आधी सांगितलेलं बरं असतं, नाहीतर बायका मधेच अडकतात.

ती एमएलसी मात्र जपा. हाड मोडलं म्हणजे कायद्यात गंभीर दुखापत. आज ती बाथरूम म्हणालीय, उद्या खरं बोलली तर तो कागद, एक्सरे, तारीख हे सगळं उपयोगी पडतं. बायका आधी खोटं का बोलतात हे कोर्टांनाही नवीन नाही.

बार्शीचा_बंड्या

मगाशी जरा जास्त बोललो. स्टँडचं वाचून कसंतरी झालं. सॉरी ताई.

विडी_घरकुल

असू दे. माझा भाऊ पण चांगलाच आहे.

जुळे_सोलापूरकर

अपडेट द्यायला आलो. काल रविवारी आईनं शेंगाची चटणी आणि कडक भाकरी बांधून दिली, ते घेऊन ताईकडं गेलो. बाहेर टेम्पो बघून पाय जड झालते, पण गेलो. तो घरीच होता, या साहेब म्हणाला, चहा केला ताईनं एका हातानं, प्लास्टर अजून आहे. मी कशाचाच विषय काढला नाही. पोरीचा गणिताचा पेपर बघितला, धाकट्यानं माझ्या हेल्मेटमधे गोट्या टाकल्या. वीस मिनिटं बसलो असेन. लई अवघड गेलं राव, त्याच्यासमोर हसून चहा पिणं. बाहेर येऊन गाडी चालू करता येईना.

निघताना तो फोनवर होता तेव्हा दारात ताईला हळूच म्हणालो, त्या दिवशी बोललो ते चुकलं माझं, तू कधी पण ये, परत गेलीस तरी परत ये, विचारणार नाही. ती काहीच बोलली नाही. डबा परत दिला. मला वाटलं ऐकलं पण नसेल.

शेजारणीला पण भेटलो, गळ्याचं विचारलं. एकदा, दोन वर्षांपूर्वी म्हणाली. माझ्या हातापायातलं गेलं. शेजारणीला सांगून ठेवलंय, आवाज आला तर आधी ११२ आणि मग मला.

आज दुपारी ताईचा फोन आला, दुसऱ्याच नंबरवरनं, बहुतेक शाळेच्या गेटवरच्या कुणाचा. आईच्या गुडघ्याचं विचारलं, पावसाचं विचारलं. मग म्हणाली, पोरांची आधारकार्डं तुझ्याकडं ठेवली तर चालतील का, इथं उंदरं झालीत. मी म्हणालो ठेव की.

काळा कोट मॅडम, ओरिजिनलच लागतात का झेरॉक्स पण चालती? ओरिजिनल गायब झाली तर त्याला कळेल.

काळा_कोट

ओरिजिनल जागच्या जागी राहू द्या. झेरॉक्स चालेल, नाही जमलं तर मोबाइलवर फोटो. फोटो तुमच्या मोबाइलमधे राहू देत, तिच्या नको. पासबुकाचं पहिलं पान आणि लग्नाचा एखादा फोटो पण घ्या.

विडी_घरकुल

आणि एकदम मागू नका सगळं. उंदरांच्या हिशोबानं चालू दे.